तेजस्वी सरांची बायको

तेजस्वी मांडवकरचा आवाज जन्मापासून घोगरा. लांज्याच्या शाळेत प्रार्थनेला बाई तिला मागच्या रांगेत मुलग्यांच्या शेजारी उभी करायच्या आणि कानात सांगायच्या, "तू नुसते ओठ हलव हो." पुढे लग्न जमवताना मामाने रत्नागिरीच्या पाहुण्यांना दारातच सांगून टाकलं, "पोरीला जरा सर्दी झालीय." ती सर्दी अजून उतरलेली नाही, असं तिचा नवरा संदेश सांगतो. संदेश एसटीत ड्रायव्हर. अंगाने आडवा, मिशीने त्याहून आडवा. दिवसाला मोजकं बोलणारा माणूस, पण त्या मोजक्यात हे वाक्य हमखास.

तेजस्वी बी.कॉम. झालेली आणि मिरकरवाड्यात मुसाशेठकडे नोकरीला. मुसाशेठ बंदरावर उतरणारा माल घ्यायचा, बर्फात घालायचा आणि ट्रकने केरळातल्या फॅक्टऱ्यांना पाठवायचा. त्यात माकूळ जास्त. शाई सोडणारं ते लिबलिबीत जनावर पूर्वी इथे कोण विचारत नसे, पण फॅक्टरीवाले त्याच्यासाठी जीव टाकतात. मुसाशेठ इंजिनाच्या आवाजावरून बोट कोणाची ते सांगायचा, पण इंग्रजीत 'येस' आणि 'ओके' एवढ्या दोन वल्ह्यांवर त्याची होडी चालायची. म्हणून बाहेरच्या व्यापाऱ्यांशी बोलणं, भाव ठरवणं आणि भांडणं ही खाती तेजस्वीकडे.

अडचण एकच होती. व्यापारी फोनवर तिचा भाव ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "ठीक है मॅडम, अब सेठ को फोन दो." मग मुसाशेठ फोन घेऊन मोठ्या रुबाबात येस आणि ओके म्हणायचा, आणि तिने तासभर ताणून धरलेला भाव धपकन खाली यायचा.

अशात कोचीचा कुरियाकोस हा नवा गिऱ्हाईक लागला. त्याचा निरोप व्हॉट्सॲपवर इंग्रजीत आला. तिने भाव कळवला आणि खाली नुसतं 'तेजस्वी' लिहिलं. उत्तर आलं, 'डिअर तेजस्वी सर.' दक्षिणेत हे नाव बापयांचंही असतं, हे तिला कुठे माहीत? तिने सरळपणे कळवलं, 'आय ॲम नॉट सर.'

क्षणात उत्तर आलं, 'यू आर टू हम्बल, सर. मोठी माणसं अशीच असतात.'

ती इतकी हसली की मुसाशेठ आतून बाहेर आला. तिने सगळं सांगितलं.

"असू दे की," तो म्हणाला. "साहेब म्हणतोय, शिवी तर देत नाय. भाव काय म्हणतो?"

भाव चांगला म्हणत होता. आणि मुख्य म्हणजे 'सेठ को दो' म्हणत नव्हता. तेजस्वीने दुसऱ्यांदा दुरुस्ती केली नाही.

ह्या इंग्रजीत अशी सोय आहे, हे तिला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मराठीत तोंड उघडलं की संपलं. आले म्हणा, गेले म्हणा, पाठवते म्हणा, क्रियापदाच्या शेपटाला लुगडं नेसवलेलंच असतं. इंग्रजीत 'आय केम', 'आय सेंट', 'आय विल सी'. बोललं कोण? बाई, बापया की मुसाशेठच्या दारातला बोका, काही पत्ता लागत नाही. ही-शीची भानगड दुसऱ्याबद्दल बोलताना. स्वतःबद्दल बोलणारा माणूस दिगंबर.

घरी तिने हा शोध जाहीर केला तेव्हा तिची मुलगी संस्कृती, जी इंग्रजी शाळेत नववीत होती, म्हणाली, "आई, त्यात काय एवढं? टीचर, डॉक्टर, कझिन, स्पाउस, हे सगळे कॉमन जेंडर. दोघांनाही चालतात."

"आणि मासे?" सासूबाईंनी विचारलं. मथुराबाई भाकरी थापत होत्या, पण कान इकडे.

"मासे सगळे इट. म्हणजे ते."

"सगळे?" मथुराबाईंचा हात थांबला. "बांगडा तो, सुरमई ती, पापलेट ते. एवढं सरळ हाय. सगळ्यांना एका टोपलीत कोंबतात म्हंजे त्या लोकांनी मासा कधी नीट बघितलेलाच नाय."

"आजी, तू मला पण 'ते'च म्हणतेस. 'ते शाळेतून आलं काय', 'ते जेवलं काय'. मी काय पापलेट आहे?"

"चेडू म्हंजे ते. लगीन झालं की होशील ती. घाई हाय काय?"

संस्कृतीने घाई नसल्याचं सांगितलं.

कुरियाकोसचा व्यवहार वाढला. एकदा त्याने विचारलं, 'व्हेन इज शी कमिंग?' तेजस्वीने मुसाशेठला वाचून दाखवलं, "विचारतोय, ती कधी येतेय?"

मुसाशेठच्या कपाळावर आठी. त्याची बायको नसीमा नेमकी तेव्हा मुंब्र्याला लेकीकडे गेलेली. "तिच्याशी ह्याला काय करायचंय? विचार त्याला, ती कोण?"

तेजस्वीने विचारलं. तो बोटीबद्दल विचारत होता. इंग्रजीत टेबलखुर्ची, दगडधोंडे सगळे 'इट', पण बोट मात्र 'शी', असं संस्कृतीने संध्याकाळी समजावलं. दुसऱ्या दिवशी मुसाशेठला ते एकदम पटलं. "बरोबर हाय," तो म्हणाला. "खर्च तेवढाच करते, आणि रंग दिल्याशिवाय बाहेर पडत नाय." नसीमा मुंब्र्यात होती म्हणूनच तो हे बोलू शकला. तेजस्वीच्या मनात वेगळंच आलं. ह्या माणसाला बोट बाई आहे हे कळतं, आणि मी बाई आहे हे कळत नाही!

मग तो फोन करायला लागला. पहिल्या फोनला तिला वाटलं, आता बिंग फुटणार, पण तिच्या 'हॅलो'वर तो अदबीने म्हणाला, "गुड मॉर्निंग, सर." शाळेतल्या बाईंनी दडपलेला आवाज असा कामाला आला. फक्त हिंदीत बोलायचं नाही, हे तिने पक्कं ठरवलं, कारण हिंदीही मराठीसारखीच चहाडखोर. तो हिंदीवर आला की ही घाईघाईने इंग्रजीवर जायची.

एक दिवस मात्र पंचाईत झाली. संगमेश्वरजवळ हायवेच्या कामात ट्रक अडकला, बर्फ वितळायला लागला, आणि कुरियाकोस फोनवर तेच तेच विचारत राहिला. तेजस्वीचा तोल गेला. "अरे, मैं कब से बोल रही हूँ! मैं खुद दूसरी गाडी भेजती हूँ!"

बोलली आणि तिने जीभ चावली. पलीकडून तो शांतपणे म्हणाला, "ठीक है सर. मैं भी इधर देखती हूँ. मेरा वाइफ भी बोलता है, तेजस्वी सर बहुत अच्छी है."

तिने फोन ठेवला आणि बर्फाच्या पेटीवर बसली. ज्या माणसाच्या हिंदीत स्वतः तोच बाई आणि त्याची बायको बापया, त्याच्यापासून लपायचं तरी काय?

खरा गोंधळ झाला तो कुटुंबाच्या चौकशीतून. एका रविवारी त्याने लिहिलं की सर, आपली इतकी ओळख, पण तुमच्या घरी कोण कोण आहे? तेजस्वीने लिहिलं, आई आहे (सासूबाईंना ती आईच म्हणायची), मुलगी आहे, आणि 'माय स्पाउस इज ए ड्रायव्हर इन एसटी बस.' हजबंड लिहिलं असतं तर तिथेच निकाल लागला असता. पण बँकेच्या फॉर्मवर 'स्पाउस' असतं, आणि तिला तो शब्द जरा भारदस्त वाटला. ह्यात लबाडी नव्हती, निदान त्या वेळी नव्हती.

कुरियाकोस खुर्चीतून पडायचाच बाकी राहिला असावा. त्याने एकामागून एक निरोप धाडले. तुमची बायको बस चालवते? एवढी मोठी? घाटात पण?

तेजस्वीला उमगायला थोडा वेळ लागला. मग तिच्या डोळ्यांसमोर संदेश आला, मिशीसकट. लबाडी सुरू झाली ती इथे. तिने लिहिलं, 'येस. घाटात पण. कधी कधी वस्तीची गाडी असते, तेव्हा रात्री देवरुखला मुक्काम.'

'मग घरी स्वयंपाक कोण करतं?'

'मी करते' हे इंग्रजीत 'आय कुक' झालं. 'आई करते, आणि मी. माशाची आमटी मीच करते.'

त्यावर जे आलं ते तेजस्वीने पुन्हा पुन्हा वाचलं. सर, तुम्ही नोकरी करून घरी स्वयंपाक करता! बायकोच्या ड्युटीला पाठिंबा देता! असा पुरुष मी पाहिला नाही. मी माझ्या मुलांना तुमचं उदाहरण सांगितलं. माझी बायको एलिकुट्टी तर म्हणते, सरांचे पाय धरायला पाहिजेत.

लग्न झाल्यापासून ती आमटी करत आली होती. मथुराबाई म्हणायच्या, कोकम जरा कमी पडलं. संदेश काहीच म्हणायचा नाही. संस्कृती म्हणायची, परत आमटी? आणि इथे कोचीतला कोण कुठला माणूस पाय धरायला निघाला होता, तेही ती आमटी न चाखता. तेजस्वीला राग यायला हवा होता. थोडा आलाही. पण कौतुक इतकं गोड होतं की तिने ते गुपचूप खाऊन टाकलं. त्यानंतर तो दर आठवड्याला 'मॅडम ड्रायव्हर' कशा आहेत विचारायचा आणि ही खुशाली कळवायची. गाडी पंक्चर झाली, मॅडमनी टायर बदलला. पलीकडून टाळ्यांची चित्रं यायची.

आणि मग कुरियाकोसने कळवलं की तो एलिकुट्टीला घेऊन रत्नागिरीला येतोय. माल बघायला, आणि मुख्य म्हणजे ह्या ड्रायव्हर बाईंना भेटायला.

तेजस्वीने त्या संध्याकाळी संदेशला सगळं सांगितलं. तो जेवत होता. त्याने घास गिळला, पाणी प्यायला.

"म्हणजे मी तुझी बायको."

"तसं नाही हो. तो समजला तसं."

"आणि टायर बदलला?"

"बदललात."

संदेशने विचार केला. "टायर बदलायला वेगळी माणसं असतात डेपोत," तो म्हणाला. त्याला तेवढीच चूक दिसली.

मथुराबाईंनी मात्र कपाळाला हात लावला. "त्या भाषेत बाई की बापया ता पण कळत नाय, आणि पोरांना शिकवायला एवढी फी भरता?"

खरं काय ते आधीच कळवून टाकावं, असं तेजस्वीने ठरवलं. पण दर वेळी मजकूर लिहायची, वाचायची आणि पुसायची. 'आय ॲम ए वुमन' हे वाक्य तिला फारच विचित्र वाटायचं. आपण बाई आहोत असं कधी कोणाला लिहून द्यावं लागलंच नव्हतं. पुसता पुसता पाहुण्यांचा दिवस उजाडला.

ती एकटीच स्टेशनवर गेली. गाडीतून एक गोल, हसरा, पांढऱ्या शर्टातला माणूस उतरला आणि मागून मोठी पिशवी घेतलेल्या बारीक चणीच्या बाई. तेजस्वी पुढे झाली आणि हात जोडून म्हणाली, "आय ॲम तेजस्वी."

"मिसेस तेजस्वी!" कुरियाकोसचा चेहरा उजळला. "मॅडम ड्रायव्हर! एलिकुट्टी, लुक, दिस इज शी!"

तेजस्वीने तोंड उघडलं. पण त्याने तिचा हात हातात घेऊन उलटा करून पाहिला आणि बायकोला दाखवला, हे बघ, स्टिअरिंगने घट्टे पडलेत. ते घट्टे बर्फाच्या पेट्यांचे होते. "सर किधर है?" त्याने विचारलं.

आणि तेजस्वीचा धीर सुटला. "सर ड्युटी पे," ती पुटपुटली.

रिक्षात ती मध्ये बसली. एका बाजूने कुरियाकोस विचारत होता, घाटात ब्रेक तापतात का? ती मान हलवत होती. दुसऱ्या बाजूला एलिकुट्टी हसऱ्या डोळ्यांनी बघत होत्या. तेवढ्यात तिचा फोन वाजला. बंदरावरून मुकादम सांगत होता की बर्फवाला कमी बर्फ टाकतोय. तेजस्वी सगळं विसरली. "त्याला म्हणावं, लादी पूर्ण मोजून टाक, नाहीतर उद्यापासून दुसरीकडून घेते!" तिचा घोगरा आवाज रिक्षात घुमला. रिक्षावाल्यानेसुद्धा वेग कमी केला.

फोन ठेवला तर एलिकुट्टी खुदुखुदु हसत होत्या. मग त्यांना हसू आवरेना. नवऱ्याला काहीतरी भराभर मल्याळममध्ये सांगून त्यांनी तेजस्वीकडे बोट केलं आणि म्हणाल्या, "दिस इज सर! घरी स्पीकरवर रोज हाच आवाज ओरडतो. मी ओळखणार नाही?"

कुरियाकोसने तेजस्वीकडे पाहिलं. हाताकडे पाहिलं. परत तोंडाकडे.

"सर?" तो म्हणाला.

"मी सांगितलं होतं," तेजस्वी म्हणाली. "आय ॲम नॉट सर. पहिल्याच दिवशी."

"मग मॅडम ड्रायव्हर?"

"तो घरी आहे. मिशी आहे त्याला."

कुरियाकोस बराच वेळ रस्त्याकडे बघत बसला. त्याच्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर जात असावी, कारण मध्येच त्याने वळून विचारलं, "आणि फिश करी? कोण करतं?"

"मीच."

"ओ," तो म्हणाला. "दॅट इज नॉर्मल."

तेजस्वीला स्टेशनवरच्या फजितीपेक्षा हे जास्त झोंबलं. पण तिच्याआधी एलिकुट्टींनीच नवऱ्याला कोपर मारलं, आणि मल्याळममध्ये जे काही ऐकवलं ते घर येईपर्यंत संपलं नाही.

घरी संदेश खाकी गणवेशात दारात उभा. ड्युटीची वेळ झाली होती, तो पाहुण्यांसाठीच थांबला होता. एलिकुट्टींनी पिशवीतून सोनेरी काठांची पांढरीशुभ्र साडी काढली. ती ड्रायव्हरसाठी आणली होती आणि ड्रायव्हरलाच देणार, असा त्यांचा हट्ट. संदेशने दोन्ही हातांनी घेतली, पदर उलगडून पाहिला, आणि म्हणाला, "काठ चांगला आहे."

"नेसून जा डेपोत," मथुराबाई आतून म्हणाल्या.

जेवण झकास झालं. एलिकुट्टींनी आमटी दोनदा मागून घेतली आणि दर वेळी नवऱ्याकडे रोखून पाहिलं. त्यांच्याकडूनच तेजस्वीला कळलं की मल्याळममध्ये क्रियापदाला बाई-पुरुष हा फरकच नसतो. तो आला, ती आली, दोघांना एकच. म्हणून हिंदीत कुरियाकोस असा दोन्हीकडून पडतो. संदेशने हा किस्सा स्वतःच कँटीनमध्ये सांगितला, आणि पुढे काही दिवस डेपोतली मंडळी त्याला 'वहिनी' म्हणून हाक मारत होती. तो ओ देत होता.

इथे सगळं आटोपलं असतं तर बरं होतं. पण पाहुणे परत गेले आणि निरोप यायला लागले, 'रिस्पेक्टेड मॅडम.' पूर्वी हा माणूस पहाटेपासून घासाघीस करायचा, खोटं रडायचा, मासा लहान आहे म्हणून फोटो पाठवायचा, आणि नाही नाही म्हणत शेवटी माल घ्यायचाच. आता नुसतं 'नमस्ते मॅडम, आशा आहे कुटुंब मजेत.' भाव कळवला की उत्तर यायचं, 'कृपया मुसा सरांना विचारून कन्फर्म करावं.' वर एक गुलाबाचं फूल.

एक दिवस त्याने थेट मुसाशेठलाच फोन लावला. मुसाशेठने येस म्हटलं, ओके म्हटलं, आणि ट्रकभर माकूळ मातीमोलाने गेलं.

तेजस्वीने दार लोटून घेतलं आणि कोचीला फोन केला. इंग्रजीच्या आडपडद्याची गरज आता उरली नव्हती.

"मैं कल जो थी, वही आज हूँ," ती म्हणाली. "भाव मुझसे करते थे. अब सेठ को क्यों पूछते हो?"

"मॅडम," पलीकडून अगदी मवाळ आवाज, "लेडीज के साथ कैसा झगड़ा करेगा? हमको घर में ऐसा सिखाया नहीं."

"घर में एलिकुट्टी है ना? उसके साथ झगड़ा नहीं करते?"

मागून एलिकुट्टींचं हसू ऐकू आलं.

"करता है," तो कबूल झाला.

"जीतते हो?"

"नहीं."

"तो फिर? मेरे साथ तो आधी बार जीतते हो."

त्याने घसा खाकरला. मग चाचरत, खडा टाकून बघावा तसं म्हणाला, "पिछला ट्रक में बर्फ बहुत ज्यादा था."

"बर्फ ज्यादा था इसलिए माल ताजा था."

"मैं बर्फ का पैसा नहीं देती!"

"मत दो! माल भी मत लो! मंगलोरवाला कब से पीछे लगा है!"

"मंगलोरवाला चोर है!"

आवाज चढत गेले. मुसाशेठने दार किलकिलं करून आत डोकावलं, तिचा चेहरा पाहिला आणि चहाचा कप घेऊन बाहेर ओट्यावर जाऊन बसला. बऱ्याच वेळाने ती बाहेर आली. कान लाल, केस सुटलेले.

"काय म्हणतो?" मुसाशेठने विचारलं.

"नाही म्हणतो," ती म्हणाली आणि मुकादमाला हाक मारली, "पेट्या भरायला घ्या. कोचीचा ट्रक दुपारी सुटला पाहिजे."